नंबर तोच, कंपनी नवी : मोबाइल आणि ब्रॉडबँड बदलताना

मोबाइलची कंपनी बदलायची असेल तर जुन्या कंपनीला ‘माझं सिम बंद करा’ असं चुकूनही सांगू नका. आणि घरचं ब्रॉडबँड बदलायचं असेल तर जुन्या कंपनीला तसं सांगायला, तेही लेखी, विसरू नका. वरवर सारखीच वाटणारी ही दोन कामं, पण दोघांची रीत अगदी उलटी. मोबाइलमध्ये नवी कंपनीच तुमचा नंबर जुन्या कंपनीकडून मागून घेते. तुम्ही आधीच सिम बंद करून बसलात तर मागायला काही उरत नाही. ब्रॉडबँडमध्ये मात्र नव्या कंपनीचा जुनीशी काडीचाही संबंध नसतो. तुम्ही गप्प राहिलात तर जुनं बिल दर महिन्याला चढत राहतं. आमच्या सोसायटीत आणि ओळखीपाळखीत लोक अडकतात ते बहुतेक इथेच, म्हणून हे सगळं एकदा नीट सांगावंसं वाटलं.

आधी बघा, दोष कंपनीचाच आहे का

कंपनी बदलण्याची कारणं साधारण तीन असतात. रेंज येत नाही, नेट रखडतं किंवा रिचार्ज परवडत नाही.

पैशांचं कारण असेल तर हिशेब सोपा आहे. योजनेची किंमत तिच्या दिवसांनी भागा आणि दिवसाचा खर्च काढा. २८ दिवसांच्या योजनेला आपण ‘महिन्याचा रिचार्ज’ म्हणतो, पण वर्षात असे रिचार्ज १२ नाही, १३ करावे लागतात. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिघांनी दर वाढवले तेव्हा खूप जणांनी बीएसएनएलकडे मोर्चा वळवला. त्यात काही गैर नव्हतं. ज्यांनी आधी आपल्या घरात बीएसएनएलची रेंज तपासली ते टिकले, बाकीचे काही महिन्यांत परत फिरले, असं निदान माझ्या ओळखीत तरी झालं.

रेंजचं प्रकरण जरा खोलात जाऊन समजून घ्यायला हवं. मोबाइलच्या लहरी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतात. ७०० ते ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांबवर पोचतात आणि भिंतीतून आत शिरतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींवर डेटा भरपूर मावतो, पण भिंत आडवी आली की त्या ढेपाळतात. गच्चीवर ५जी जोरात आणि आतल्या खोलीत फोन उचलायलाही बाल्कनी गाठायची, हे त्यामुळे होतं. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याची जाड भिंत असो की बाणेरच्या टॉवरचं तळघरातलं पार्किंग, तिथे कोणत्या कंपनीची कोणती लहर पोचते हे जाहिरातीवरून कळत नाही. मित्राच्या अनुभवावरूनही कळत नाही, कारण तो दुसऱ्या विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर राहतो. कंपन्यांना आता आपापल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो. तो बघाच, पण तो रस्त्यावरची स्थिती सांगतो, तुमच्या स्वयंपाकघरातली नाही.

खात्रीचा उपाय एकच. आज बहुतेक फोनमध्ये दोन सिम बसतात. ज्या कंपनीकडे जायचं मनात आहे तिचं एक नवं, वेगळ्या नंबरचं सिम घ्या, छोटा रिचार्ज मारा आणि दोन-तीन आठवडे वापरा. घरात प्रत्येक खोलीत, हिंजवडीच्या ऑफिसात, रोजच्या बसमध्ये आणि गावी जात असाल तर भोर-वेल्ह्याकडच्या त्या वळणावरसुद्धा. नंबर हलवून पस्तावण्यापेक्षा हा खर्च फारच थोडा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीखाली सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ९०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११५च्या पलीकडे गेला की बोलणं तुटणार.

अडचण फक्त घरातच असेल आणि घरी वायफाय असेल, तर आधी फोनच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ सुरू करून बघा. फोन टॉवर सोडून घरच्या वायफायवरून लागतो. पुष्कळ जणांची कंपनी बदलायची गरज तिथेच संपते.

नंबर एका कंपनीतून दुसरीकडे जातो म्हणजे काय होतं

नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय आपल्याकडे २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. तेव्हा ती एका सर्कलच्या, म्हणजे टेलिकॉमसाठी देशाचे जे विभाग पाडलेत त्यातल्या एकाच्या, आतच होती. एका सर्कलमधून दुसऱ्यात नंबर नेण्याची मुभा ३ जुलै २०१५ पासून मिळाली.

त्याआधी नंबरच्या पहिल्या काही आकड्यांवरून तो कोणत्या कंपनीचा हे कळायचं आणि फोन सरळ तिकडे जायचा. आता तसं चालत नाही. तुम्ही कुणाला फोन लावता तेव्हा तुमची कंपनी आधी एका यादीत बघते, की हा नंबर सध्या कुणाकडे आहे, आणि मग कॉल तिकडे वळवते. ही यादी सगळ्या कंपन्यांकडे असते आणि नंबर हलला की ती सगळीकडे बदलते. हे काम बघायला कंपन्यांपासून स्वतंत्र अशी मधली संस्था असते. रिचार्जच्या अ‍ॅपमध्ये तुमचा नंबर टाकल्यावर कधीकधी जुन्याच कंपनीचं नाव येतं, ते यामुळे. ते अ‍ॅप अजून पहिल्या आकड्यांवरून अंदाज बांधत असतं. तिथे कंपनी हाताने निवडा, नाहीतर पैसे भलतीकडे अडकतील.

आता प्रत्यक्ष काम. जो नंबर हलवायचा आहे त्याच सिमवरून १९०० या क्रमांकावर एसएमएस पाठवायचा. इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर. उत्तरात १९०१ वरून आठ अक्षर-अंकांचा एक कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. तो किती तारखेपर्यंत चालेल हेही त्याच मेसेजमध्ये असतं. आपल्याकडे ही मुदत चार दिवसांची असते. कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं किंवा त्यांच्या माणसाला घरी बोलवायचं, आधारवरून ओळख पटवायची आणि नवं सिम घ्यायचं. बस्स. जुन्या कंपनीच्या दुकानाची पायरीही चढावी लागत नाही.

रिचार्ज संपलाय म्हणून १९०० वर मेसेजच जात नाही, अशी तक्रार पूर्वी सर्रास असायची. ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ७ डिसेंबर २०२१ रोजी सगळ्या कंपन्यांना बजावलं, की ग्राहकाचा रिचार्ज कितीचाही असो, त्यात एसएमएस असोत वा नसोत, पोर्टिंगचा मेसेज गेलाच पाहिजे. त्यामुळे ‘आधी मोठा रिचार्ज मारा, मगच कोड येईल’ असं कुणी काउंटरवर सांगितलं तर ऐकू नका.

१६ डिसेंबर २०१९ पासून या पद्धतीत एक मोठी सुधारणा झाली आणि ती ग्राहकाच्या फार फायद्याची आहे. पूर्वी कोड कुणालाही मिळायचा आणि नंतर जुनी कंपनी काहीतरी कारण काढून अर्ज फेटाळायची. आता तपासणी कोड देण्याआधीच होते. नंबर त्या कंपनीकडे येऊन ९० दिवस झालेत का, पोस्टपेड असेल तर मुदत उलटून गेलेलं बिल भरलंय का, नंबर दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज अडकून पडलाय का, काही करार किंवा कोर्टाचा आदेश आड येतोय का. हे सगळं ठीक असेल तरच कोड येतो. म्हणजे कोड हातात पडला की निम्म्याहून जास्त लढाई जिंकली. नाही मिळाला तर का नाही हेही मेसेजमध्येच सांगितलेलं असतं. १ जुलै २०२४ पासून आणखी एक अट आली. सिम हरवलं, खराब झालं म्हणून नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. ही अट त्रासाची वाटते खरी, पण तुमच्या नावाने दुसऱ्याच कुणी डुप्लिकेट सिम काढून नंबर पळवू नये म्हणून ती आहे आणि मला ती योग्यच वाटते.

त्या कोडबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. शेजारच्या काकू परवा फोन घेऊन आल्या. “अरे, कंपनीतून एका मुलाचा फोन आलाय. म्हणतो, काकू, १९०० ला मेसेज करा आणि जो कोड येईल तो मला वाचून दाखवा, तुम्हाला ५जी फुकट सुरू करून देतो. सांगू का त्याला?” स्क्रीनवर १९०१ चा मेसेज, त्यात कोड आणि खाली शेवटची तारीख. मी म्हटलं, “काकू, नका सांगू. हा कोड म्हणजे तुमचा नंबर दुसरीकडे नेण्याची परवानगी आहे. ५जीला असला कोड लागतच नाही.” बँकेचे ओटीपी ज्या नंबरवर येतात त्याची ही किल्ली आहे. ओटीपी जसा कुणाला देत नाही तसाच हाही द्यायचा नाही. फक्त तुम्ही स्वतः, समोर बसलेल्या नव्या कंपनीच्या माणसाच्या अर्जात भरायचा.

अर्ज भरला आणि मन बदललं तर २४ तासांच्या आत त्याच १९०० वर इंग्रजी अक्षरांत ‘कॅन्सल’ आणि आपला नंबर असा मेसेज पाठवून अर्ज मागे घेता येतो.

किती दिवस लागतात? सर्कलच्या आत तीन कामाचे दिवस, सर्कल ओलांडायचं असेल तर पाच. इथे पुणेकरांची हमखास गफलत होते. टेलिकॉमच्या नकाशात मुंबई हे वेगळं सर्कल आहे. ठाण्या-कल्याणकडचा आणि नवी मुंबईचा भाग त्यात मोडतो. पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि चक्क गोवासुद्धा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतात. म्हणजे नागपूरचा नंबर पुण्यात पोर्ट करणं हे घरातल्या घरात, आणि मुंबईचा नंबर म्हणजे सर्कल बदल.

नंबर कधी हलणार याची तारीख आणि वेळ मेसेजने कळते. तोपर्यंत जुनं सिम फोनमध्येच राहू द्या. ठरल्या वेळी, बहुधा रात्री, जुन्या सिमची रेंज जाते. मग नवं घाला. मधले काही तास फोन लागत नाही, घाबरू नका. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स आणि डेटा मात्र बुडतो, म्हणून वर्षाचा रिचार्ज केल्यावर लगेच पोर्ट करू नका. पोस्टपेडवाल्यांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. शेवटचं बिल नंबर गेल्यानंतर येतं आणि ते भरावंच लागतं. थकवलंत तर जुनी कंपनी तक्रार करते आणि तुमचा नंबर नव्या कंपनीकडूनही बंद होऊ शकतो. ‘आता काय, गेलो आपण तिथून’ असं म्हणून ते बिल बाजूला टाकू नका.

नंबर तोच राहत असल्याने आधार, बँक, गॅस यांच्याकडे काहीही बदलावं लागत नाही. पण यूपीआयची अ‍ॅप फोनमधलं सिम ओळखतात. सिम बदललं की ती पुन्हा पडताळणी मागतात आणि त्यासाठी तुमच्या नंबरवरून एक एसएमएस जावा लागतो. म्हणून नव्या सिमवर एसएमएस असलेलाच रिचार्ज घ्या आणि दोन-तीन दिवस खिशात थोडी रोकड ठेवा. मुलांच्या फीची शेवटची तारीख, प्रवास, दवाखान्याचं काम यांच्या तोंडावर पोर्टिंग नको.

ब्रॉडबँडचा मामला निराळा

ब्रॉडबँडला पोर्टिंग नाही. जुनं तोडायचं आणि नवं जोडायचं. कनेक्शनबरोबर मिळालेला ०२० चा लँडलाइन नंबरही नव्या कंपनीकडे जात नाही. घरातल्या ज्येष्ठांच्या ओळखीचा तो एकच नंबर असेल तर आधी याचा विचार करा.

आणि इथेही आधी दुखणं कुठे आहे ते शोधा, कारण ‘नेट स्लो’ या तक्रारीत निम्म्या वेळा दोष लाइनचा नसून घरातल्या वायफायचा असतो. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड मोजा. केबलवर पूर्ण स्पीड आणि बेडरूममध्ये रडगाणं असेल तर नवी कंपनी आणूनही बेडरूम तशीच राहणार. तिथे राउटरची जागा बदलणं किंवा दुसरा राउटर जोडणं हा उपाय. एक खूण सांगतो, ती फार कामाची आहे. योजना २०० एमबीपीएसची आणि कितीही वेळा मोजलं तरी आकडा ९४-९५ च्या वर हलत नाही, असं असेल तर मध्ये कुठेतरी केबल खोचायची जागाच १०० ची आहे किंवा लॅन केबल बिघडलेली आहे. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. त्यातल्या ठरावीक दोन जोड्यांपैकी एखादी तुटली तर जोडणी १०० वर येते आणि नेट चालू राहतं, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. इमारतीच्या डक्टमधून वर येणारी जुनी केबल बदलली की काम होतं. त्यासाठी कंपनी बदलायची गरज नाही.

आकड्यांचं आणखी एक. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइल उतरवताना जो आकडा दिसतो तो मेगाबाइटमध्ये असतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणून १०० च्या लाइनवर साडेबारा दिसले तर ते अगदी बरोबर आहे, फसवणूक नाही.

संध्याकाळी आठनंतरच रखडत असेल तर मात्र दोष वरचा. फायबरच्या नेहमीच्या व्यवस्थेत कंपनीच्या यंत्रातून निघालेली एक तार पुढे ३२ किंवा ६४ घरांत विभागली जाते आणि साधारण अडीच गिगाबिटची क्षमता सगळ्यांत मिळून असते. सोसायटीची टाकी एकच आणि सकाळी सगळ्यांचे नळ एकदम उघडले की वरच्या मजल्यावर जशी धार बारीक होते, तसंच. कंपनीने आपल्या यंत्रापासून इंटरनेटकडे जाणारी पुढची लाइन कमी क्षमतेची घेतली असेल तर आणखी बारीक. हे दुखणं मात्र कंपनी बदलूनच जातं.

पण बदलण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा, आणि नुसतं ‘स्पीड कसा?’ असं नको. लाइन गेल्यावर माणूस किती वेळात येतो ते विचारा. पुण्यात बऱ्याच भागांत मोठ्या नावाच्या मागे काम करणारा शेवटचा माणूस स्थानिक केबलवालाच असतो. तोच खांब, तीच पोरं, कधीकधी तोच डक्ट. रस्ता खणला की दोन्ही कंपन्यांच्या तारा एकदम तुटतात. घरून काम करणाऱ्याला दुसरी लाइन हाताशी हवी असेल तर ती वेगळ्या वाटेने येते का, हे बघणं महत्त्वाचं. तार नको असेल तर ५जीवरून चालणारं घरचं नेटही आहे. जिओची एअरफायबर १९ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ शहरांत पुणं होतं. त्याला टॉवरची रेंज लागते, म्हणजे वर सांगितलेली भिंतीची गोष्ट इथेही लागू. शिवाय गुरुवारी महावितरणचं काम निघालं की घरचा इन्व्हर्टर राउटर चालवेल, पण इमारतीतला स्विच, म्हणजे घराघरांत नेट वाटणारा कंपनीचा डबा, कशावर चालतो? हे कुणी विचारतच नाही.

फायबर घरापर्यंत येणार की इमारतीपर्यंतच आणि वर लॅन केबल, जीएसटी १८ टक्के धरून नेमके किती, राउटर विकत की परत करायचा, किती महिने सोडता येणार नाही, ‘अनलिमिटेड’ म्हणजे किती जीबीनंतर स्पीड उतरणार, हे सगळं पैसे देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी घ्या. घराचे कॅमेरे बाहेरून बघायचे असतील तर स्टॅटिक आयपीचं, म्हणजे न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याचंही विचारा. आणि वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी एक महिन्याची योजना घेऊन बघा, सवलत कितीही मोठी दाखवली तरी.

नवी लाइन सुरू झाल्यावर आठ-दहा दिवस दोन्ही चालू ठेवा. नव्या राउटरला वायफायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. टीव्ही, कॅमेरे, आजीचा टॅब सगळे आपोआप जोडले जातात, एकेक करून बसावं लागत नाही. राउटरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला तर बाहेरून फायबरमध्ये प्रकाशच येत नाहीये. तेव्हा राउटर बंद-चालू करत बसू नका, तक्रार नोंदवा.

मग जुन्या कंपनीला बंद करण्याचं सांगा. अ‍ॅप किंवा ईमेलवरून सांगा, फोनवर सांगितलेलं कुणाला आठवत नाही. तक्रार क्रमांक घ्या, बँकेतलं ऑटोपे बंद करा. राउटर न्यायला माणूस आला की डब्यावरच्या सिरियल नंबरचा आणि त्याच्या पावतीचा फोटो काढा, चार्जरसकट. डिपॉझिट परत मिळेपर्यंत तो फोटो पुसू नका.

एवढं करूनही कुणी अडवणूक केली तर दाद मागण्याची वाट ठरलेली आहे. आधी कंपनीकडे तक्रार आणि तिचा क्रमांक. ठरल्या मुदतीत निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील. त्याला फी नाही आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे पत्रं पाठवून वेळ जातो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. आणि टेलिकॉमची प्रकरणं ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कुणी वकिली थाटात सांगितलं तर त्याला सांगा, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्येच ती चालतात असा निकाल दिला आहे. पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची वेळ आली तर सगळ्यात आधी लागतील त्या गोष्टी म्हणजे तो तक्रार क्रमांक, बंद करण्याचा ईमेल आणि राउटरच्या पावतीचा फोटो.